थोरलीची निगा

भोपर, डोंबिवली पूर्व
७ सप्टेंबर २०२५

प्रिय धाकूकाका,

या आठवड्यात तुला चौदा फोन केले. चौदा! एवढे फोन मी मालकांना सुट्टी मागायलापण करत नाही. तू उचलत नाहीस, आणि सुशांतदादाला विचारलं तर म्हणतो, "बाबा बिझी असतात." रिटायर माणूस एकोणिसाव्या मजल्यावर बिझी म्हणजे काय, कबुतरं हाकलतो? शेवटी विकीदादा म्हणाला, "चिठ्ठी लिही, रविवारी काकांना सुकटीचा डबा द्यायला जातोच आहे." म्हणून हे पत्र. आयुष्यातलं पहिलं. शाळेत 'काकांस पत्र' या प्रश्नाला दहातले चार मिळालेले, तेव्हा जास्त अपेक्षा ठेवू नकोस.

आता बातमी. बसलायस ना? मी थोरलीला माळ्यावरून खाली काढली.

हो, तुझ्या बेस गिटारला! तू घोडबंदरला राहायला गेलास तेव्हापासून चार वर्षं बिचारी गोधड्यांखाली झोपलेली. सहा बारीक तारांची ती धाकटी आणि चार जाड तारांची ही थोरली, असं तूच मला मांडीवर बसवून शिकवलेलंस. आठवतं ना?

रखमाआत्याच्या देवेशची हळद २९ नोव्हेंबरला आहे. आपली गावदेवी बेंजो पार्टीच वाजवणार. मी गोविंदामामांना म्हटलं, बेस मी वाजवते. ते हसलेच. म्हणाले, "बाय, आता बेसवाला लागतोय कुणाला? हितेश कीबोर्डवर उजव्या हाताने गाणं वाजवतो, डाव्या हाताने बेस मारतो." मी म्हटलं, "आणि जेवतो कुठल्या हाताने?" हितेश नेमका शेजारी वडापाव खात उभा. सगळे फुटले. मग मामा म्हणाले, "ठीक हाय. देवेशच्या हळदीत एक चान्स. जमलं तर धाकूची जागा तुझी. नाय जमलं, तर ती जागा कायमची कीबोर्डच्या डाव्या हाताची."

काका, तीस वर्षं तू ज्या जागेवर उभा राहिलास ती जागा हितेशच्या डाव्या हाताला जाऊ द्यायची? मी नाही जाऊ देणार. दोन वर्षं क्लासमध्ये परक्या बेसवर शिकलेय, बोटं तयार आहेत. थोरली तयार नाही. तारा काळ्याठिक्कर, आवाज गोणी आपटल्यासारखा, आणि मान वाकलीये की काय अशी शंका येते. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते म्हणून बारीक स्क्रूड्रायव्हर हवे तेवढे आहेत. अक्कल तेवढी पाठव.

आणि फोन उचल रे!

तुझीच,
कल्पिता

•

घोडबंदर रोड, ठाणे
१४ सप्टेंबर २०२५

चि. कल्पिता, तुला आणि थोरलीला पोटभर आशीर्वाद.

तुझ्या पत्राला सुकटीचा वास होता. इथे लिफ्टमध्ये बायका नाकाला रुमाल लावतात, मी छाती भरून घेतो. डबा रिकामा परत पाठवू नये म्हणतात. सूनबाई प्राची त्यात साखर घालतेय, मी हे पत्र घालतो.

फोनचं मनावर घेऊ नको. फोनवर सांगितलेलं तुम्ही पोरं विसरता आणि मग माझ्या नावाने खडे फोडता. लिहिलेलं राहतं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं फिटर होतो, तोंडी ऑर्डरवर कधी मशीन उघडलं नाय.

थोरली खाली उतरली हे वाचून दोन कप चहा जास्त झाला. आता नीट वाच.

तारा नव्या आणायच्या आधी मान बघ. जाड तार मानेवरच्या पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर एका हाताने दाब, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. आता मधे सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात जी फट दिसेल, त्यात एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. कार्ड धरायला तिसरा हात लागेल, तो तुझ्या आईचा, गोदावहिनीचा घे. फट जास्त असेल तर मानेतल्या सळईचा नट अ‍ॅलन कीने पाव फेरा आवळ. पाव! मग एक दिवस थांब. लोखंडाला लगेच कळतं, लाकडाला विचार करायला वेळ लागतो.

जुन्या तारा फेकू नको. नव्या येईपर्यंत सरावाला त्याच वापर. त्यांच्या वेटोळ्यात घाम आणि मळ बसलाय म्हणून त्या मुक्या झाल्यात. काढून एका मोठ्या पातेल्यात साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळ. साबण नको, सोडा नको. लगेच पूस, केस वाळवायच्या ड्रायरने खडखडीत कर. दोन-तीन आठवडे मस्त बोलतील.

आणि रोज वाजवून झालं की तारा पुसायच्या, वरून आणि खालूनही. खालून कुणी पुसत नाय, आणि तिथेच गंज धरतो.

धाकूकाका

•

भोपर
२१ सप्टेंबर २०२५

काका,

तू 'मोठं पातेलं' लिहिलंस. कुठलं मोठं पातेलं ते नाही लिहिलंस. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आई हे पत्र डब्यात भरायच्या आधी वाचणार आहे.

आपल्या घरात मोठं पातेलं एकच. गणपतीत मोदक उकडायचं.

आई बाजारातून आली, झाकण उघडलं, आणि आत चार काळे साप खदखदतायत. तिने अशी किंकाळी मारली की शेजारची भावना हातात लाटणं घेऊन धावत आली. साप नाहीत हे कळल्यावर आईला हायसं वाटेल असं मला वाटलेलं. छे! मग तिने पाणी बघितलं. काका, ते पाणी चहापेक्षा काळं होतं. तुझा तीस वर्षांचा घाम, आणि हळदीत मटण खाऊन तसाच स्टेजवर चढायचास त्याचं सगळं तेल, गणपतीच्या पातेल्यात! आई म्हणते, "धाकूभावजींनी माझ्या बाप्पाला बाटवलंन." पातेलं तिने तीनदा चिंचेने घासलंय आणि तरी ते आता बादलीच्या लायकीचं झालं असं जाहीर केलंय. तुझ्यासाठी या वेळी सुकट नाही. भेंडी आहे. समजून घे.

पण काका, तारा! काय बोलतायत! मी ओट्याशी नाचले.

मग मानेचं. पाव फेरा दिला, एक दिवस कशाला थांबायचं म्हणून दहा मिनिटं थांबले, काहीच झालं नाही. मग अजून पाव. मग अजून. एकूण सव्वा फेरा झाला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तारा फ्रेटवर झोपलेल्या, काहीही वाजवलं तरी टर्रर्र. लाकडाने रात्रभर विचार केलेला दिसतोय.

आणि एक छोटीशी गोष्ट. थोरली मी बाबांच्या होम थिएटरला लावली. खोलीत घुमला रे आवाज, भांडी थरथरली, आणि मग फट्कन काहीतरी झालं आणि स्पीकरमधून आता बातम्यावाला सर्दी झाल्यासारखा बोलतो. बाबांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं चॅनलच खराब आहे.

वाचव.

कल्पिता

•

घोडबंदर रोड
२८ सप्टेंबर २०२५

चि. कल्पिता,

इतका हसलो की प्राचीने पाणी आणून दिलं. गोदावहिनीला सांग, पातेलं नवं मी देतो, भेंडी मात्र परत नको.

आता शिस्तीत. नट सव्वा फेरा उलटा सोड, पण एका दमात नाय. रोज पाव, पाच दिवस. तारा सैल करूनच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे तुझ्यासाठीच कुणीतरी लिहून ठेवलंय.

होम थिएटरला परत हात लावू नको. टीव्हीच्या स्पीकरचा कागद पातळ, तो बेसचा धक्का सोसत नाय. बेसला स्वतःचा मोठा स्पीकरचा डबा लागतो, तो गोविंदाकडे आहे, सरावाला तिथे जा. घरी हेडफोनवर वाजव, आवाज बारीक ठेवून. बारीकच ठेव गो.

हळदीसाठी नव्या तारा आण. बसवताना एक चूक सगळे करतात: तार आधी कापतात. खुंटीपासून चार बोटं पुढे मोजायचं, तिथे तार काटकोनात मोडायची, मग मोडीच्या पुढे कापायची. न मोडता कापलीस तर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सैल होतं आणि ती तार जन्मभर मुकी. नव्या तारा कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी चढव. रोज हाताने ओढून ताण, नाहीतर वाजवता वाजवता उतरतात.

आता माझी एक युक्ती देतो, आजवर कुणाला दिली नाय. मंडपात सूर जुळवायची वेळ येते तेव्हा डीजे, फटाके, पोरं, काही म्हणता काही ऐकू येत नाय. अशा वेळी थोरलीच्या वरच्या शिंगाला, मानेजवळच्या लाकडी टोकाला, हनुवटी टेकव आणि तार छेड. आवाज हाडातून आत येतो. अख्खं गाव ओरडू दे, तुला फक्त तीच ऐकू येईल.

दसरा गुरुवारी आहे. वाद्याची पूजा करशीलच. फूल पायाशी ठेव, तारांवर नको. गोदावहिनीचा हात हळदीकुंकवाला सढळ आहे, लक्ष ठेव.

धाकूकाका

•

भोपर
५ ऑक्टोबर २०२५

काका,

लक्ष ठेवलेलं. अगदी डोळ्यात तेल घालून. पण मी आंघोळीला गेले.

आईचं आणि थोरलीचं आता सूत जुळलंय, तेच भोवलं. तिला वाटलं, पातेल्यावरून इतकं बोललो, पूजा तरी साग्रसंगीत करावी. पाटावर निजवली, हार घातला, चारही तारांना हळदीकुंकवाची बोटं. आणि वायर घालायचं ते भोक आहे ना बाजूला? आई म्हणते, "तिची बेंबी उघडी होती, बरं दिसेना." म्हणून तिने बेंबीत अक्षता भरल्या. मूठभर! आणि वरून झेंडूने बूच मारलं.

बाहेर आले तर थोरली नवरीसारखी नटून पडलेली. वायर आत जाईना, ढकलली तर तांदूळ अजून आत. मी रडायच्या बेताला, आणि आई म्हणते, "अगं प्रसाद हाय तो."

मग दुकानातला चिमटा आणला, चष्म्याचे नाकाचे स्क्रू पकडायचा. पाठचं झाकण उघडलं. अकरा दाणे निघाले काका, त्यातला एक बरोबर संपर्काच्या पत्रीखाली. पत्री जराशी आत वाकवली, वायर खट्कन बसली. तारा आमच्या लेन्स पुसायच्या फडक्याने पुसल्या, वरून आणि खालून. ते फडकं भारीच आहे रे, एक तुला डब्यात ठेवलंय. हळद काही पूर्ण गेली नाही. तिसऱ्या फ्रेटपर्यंत थोरली पिवळी आहे. हळदीलाच जायचंय म्हणून चालेल.

आणि आता वाजते! मान सरळ, तारा मोकळ्या, टर्र नाही, खर्र नाही. काल मी हळदीतलं अख्खं गाणं वाजवून रेकॉर्ड केलं आणि प्राचीवहिनीच्या मोबाईलवर पाठवलंय. ऐक आणि खरं सांग. भीड ठेवू नकोस. तू "हो" म्हटलंस तरच मी २९ तारखेला उभी राहीन.

कल्पिता

•

घोडबंदर रोड
१२ ऑक्टोबर २०२५

चि. कल्पिता,

फडकं मिळालं. चष्मा लखलखला.

रेकॉर्डिंग ऐकलं. प्राचीने लावून दिलं, दोनदा ऐकलं. छान जमलंय. हात बसलाय. मधे जरा घाई होते, तिथे श्वास घे. शेवट मात्र गोड. माझा "हो" आहे.

वायर कोपराभोवती गुंडाळतेस ना? नको गुंडाळू, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, असे मोठे वेढे घाल. आणि पट्टा रुंद घे, चार बोटं तरी. थोरली साडेचार किलोची आहे, ओढणीने बांधून उभी राहिलीस तर दुसऱ्या दिवशी खांदा उचलणार नाय.

देवेशच्या हळदीला मला जमणार नाय. घोडबंदरचं ट्रॅफिक तुला माहीत आहे, कंबर धरते. दुसऱ्या दिवशी लग्नाला येईन, अक्षता टाकीन, जेवीन, निघेन. रखमाला तू समजाव.

धाकूकाका

•

भोपर
१९ ऑक्टोबर २०२५

धाकूकाका,

काल मोबाईल साफ करताना कळलं की मी तुला चुकीची फाईल पाठवलेली. माझं गाणं माझ्याकडेच राहिलं. तुला गेलं ते तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आईचं आणि कोळणीचं भांडण. दारात. सुरमईवरून. मी गंमत म्हणून चोरून रेकॉर्ड केलेलं.

ते तू "दोनदा ऐकलंस". "हात बसलाय" म्हणालास. "मधे जरा घाई."

वाचून आधी मी हसले. इतकी हसले की भावना विचारायला आली. आणि मग काका, तुझं पत्र परत वाचलं. तू ऐकलंच नाहीस ना? मोबाईल हातातसुद्धा घेतला नसशील. फोन उचलत नाहीस, हळदीला येत नाहीस, नवरदेवाचा सख्खा मामा असून. तुला कंटाळा आला असेल तर सरळ सांगायचं. मी काय लहान आहे का, चॉकलेट देऊन गप्प बसवायला?

मला तुझा "हो" खरा हवा होता. खोटा नको होता.

डब्यात चकली आणि करंज्या आहेत. त्या आईच्या आहेत म्हणून आहेत.

कल्पिता

•

घोडबंदर रोड
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

कल्पिता बाय,

रविवारची वाट न बघता, पत्ता तुझ्या दुकानाचा घालून, सुशांतला टपालपेटीपाशी पाठवतोय.

मी ऐकलं नाय, हे खरं. मला ऐकू येत नाय गो.

डावा कान सहा वर्षांपूर्वीच गेला. उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. तीस वर्षं त्या मोठ्या डब्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, कानात कधी कापसाचा बोळाही घातला नाय. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. लावलं. पंखा विमानासारखा आणि प्राची कावळ्यासारखी बोलायला लागली. काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. फोन यासाठी उचलत नाय. सुशांत-प्राचीला माहीत आहे, तुझ्या बाबांना नाय, रखमाला नाय, गावात कुणालाच नाय. बेसवाला बहिरा झाला म्हटल्यावर लोक काय म्हणतील, तूच सांग.

मोबाईल प्राचीने दिला तेव्हा मी तो कानाशी धरून, मधेमधे पडद्यावरची रेघ बघत, ती संपेपर्यंत बसलो. तुझा हिरमोड करायचा नव्हता. "मधे जरा घाई" हे सगळ्यांनाच लागू पडतं, म्हणून लिहिलं. माफ कर मला.

आता दुसरंही सांगतो. घर बदललं म्हणून मी वाजवणं सोडलं नाय. चार वर्षांपूर्वी दातिवलीला हळद होती. शेवटच्या गाण्यात गोविंदा माझ्याकडे एकटक बघायला लागला. कपाळाला आठ्या. मी समजलो. माझी तार उतरलीय, आणि मला पत्ता नाय. लोक नाचत होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो, थोरलीला गोधडीत गुंडाळली. हळदीला यायचं म्हणजे त्या स्टेजसमोर बसायचं, गोविंदा काहीतरी बोलणार, मी भलतंच उत्तर देणार. मला नाय जमत.

तारांची निगा सांगितली, मानेची सांगितली, वायरची सांगितली. कानाची सांगायचं धाडस झालं नाय, ती आता सांगतो. वाजवणाऱ्यांसाठी कानात घालायचे रबरी प्लग मिळतात. सूर कळतो, दणका अडतो. ते आधी घे, तारा नंतर. हे माझं ऐकच.

धाकूकाका

•

भोपर
२ नोव्हेंबर २०२५

काका,

पत्र दुकानात पोस्टमनने दिलं. मी वाचून मागच्या खोलीत जाऊन रडले, मग बाहेर येऊन एका आजोबांना चुकीचा चष्मा दिला. ते म्हणाले, "वा, छान दिसतंय." म्हणजे जगात तू एकटा नाहीस.

मी कुणालाही सांगितलेलं नाही; आई वाचेल म्हणून आता पत्रंही डब्यातून नाही, टपालानेच पाठवणार. आणि सांगणारही नाही. पण काका, तू फिटर ना? जरा डोकं चालव की! हळदीत कुणाला ऐकू येतं रे? आठ डबे लावलेले असतात. बाबा आत्याला "पाणी दे" म्हणतात, ती हळदीची वाटी देते. देवेशचा बाप गेल्या हळदीत एका पाहुण्याशी अर्धा तास मान हलवत बोलला आणि नंतर मला विचारतो, कोण होते ते? तिथे सगळेच बहिरे. सगळे भलतंच उत्तर देतात. त्यात तुझं एक उत्तर कुणाच्या लक्षात येणार? अख्ख्या ठाणे जिल्ह्यात तुझ्यासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही!

दुसरं, हाडातून आवाज येतो हे मला कुणी शिकवलं? मी रोज हनुवटी टेकवून वाजवते. पोटात, दाढेत, पायाच्या तळव्यात, सगळीकडे येतो आवाज. तू ऐकायचं नाहीच आहे. तू चप्पल काढून स्टेजच्या फळीवर उभा राहा. बस.

तुझा "हो" मला तिथे हवाय. मी प्लग घेतलेत. तू सांगितलेलं मी ऐकलं, आता माझं तू ऐक.

कल्पिता

ता. क. रखमाआत्या म्हणते, मामा नसेल तर देवेशला हळद लावणार नाही, तसाच पांढरा उभा करीन.

•

घोडबंदर रोड
९ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पिता,

येईन असं म्हणत नाय. देवेशला पांढरा ठेवू नका.

पिशवीत काय न्यायचं ते मात्र लिहून घे. जास्तीची वायर, कारण जी एकच असते तीच तुटते. तारांचा जास्तीचा सेट, अ‍ॅलन की, तुझा चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर, चिमटा, फडकं. हातांना लावायला पावडर, हळदीत बोटं तेलकट होतात. पट्ट्याचं टोक बटणावर नीट बसलंय का ते नाचायच्या आधी बघ. माझी थोरली एकदा नवरीच्या आजोबांच्या पायावर पडलेली. हळद लागायच्या आधी थोरलीवर चादर टाक, पोरं लांबूनही फेकतात. आणि बेसचा डबा गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू देऊ नको, थेट स्टेजच्या लाकडावर ठेव. गोविंदा आळशीपणा करतो.

तो डबा लाकडावर ठेवण्याचं माझ्यासाठी सांगत नाय. आवाज चांगला येतो म्हणून सांगतोय.

धाकूकाका

•

भोपर
२ डिसेंबर २०२५

काका!!!

लग्नाच्या गडबडीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, आणि बोलून उपयोगही नव्हता, म्हणून आता सगळं लिहिते. तुला जे ऐकू आलं नाही ते तुला कळायलाच हवं.

संध्याकाळी सात वाजता तुम्ही सुशांतदादाच्या गाडीतून उतरलात. आत्या जे बोलली ते असं: "आला माझा शहाणा!" तू तिला उत्तर दिलंस, "हो, जेवून आलो." तिला वाटलं तू विनोद केलास. ती अजून सगळ्यांना सांगतेय.

मग तू चप्पल काढून स्टेजच्या कोपऱ्यात येऊन उभा राहिलास. एक हात बेसच्या डब्यावर. मी बघितलं आणि वाजवायला लागले. पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. बायका उठल्या, आईपण उठली, भावना तर लाटणं सोडून आल्यासारखी नाचत होती. तिसऱ्या गाण्यात तू अचानक नाचणाऱ्यांच्या मधून सरळ माझ्याकडे चालत आलास आणि हात पुढे केलास.

काका, मला वाटलं तू आशीर्वाद देतोयस. मी वाजवता वाजवता वाकले रे, पाया पडायला! आणि तू माझ्या डोक्यावरून हात पुढे नेऊन थोरलीची जाड तारेची खुंटी केसभर पिळलीस, आणि जसा आलास तसा परत गेलास.

उतरली होती. मला कळलंच नव्हतं. नव्या तारा आठ दिवस आधी चढव म्हणालेलास, मी गुरुवारी चढवलेल्या, दुकानात सेल होता म्हणून वेळच नाही मिळाला. दोन चांगले कान असून मला कळलं नाही, आणि तुला तळव्यातून कळलं!

त्या खुंटीनंतर जे झालं ते तू बघितलंस. जे ऐकलं नाहीस ते हे: गोविंदामामा माईकवर म्हणाले, "हितेश, आजपासून तुझा डावा हात मोकळा. जा, जेव त्याने." ती जागा माझी झाली काका! तू टाळ्या बघून टाळ्या वाजवल्यास, पण त्या कशाच्या ते तुला माहीत नव्हतं. त्या माझ्या होत्या.

आणि एक गोष्ट राहिलीय. वायरी गुंडाळताना (एक वेढा सरळ, एक उलटा) मामा माझ्याजवळ आले. म्हणाले, "दातिवलीच्या हळदीत त्या दिवशी गारवा पडला आणि माझा बेंजो चढला. सगळा बेसूर वाजत होतो. मी धाकूकडे बघत होतो, की हा तरी सांभाळून घेईल. त्याने मान खाली घातली आणि परत आलाच नाय. मला वाटलं माझ्यावर चिडला. चार वर्षं मीच तोंड लपवतोय. दुसरा बेसवाला ठेवायचं मन होईना, म्हणून हितेशचा डावा हात."

तुझी तार उतरलीच नव्हती काका. त्या रात्रीही बरोबर तूच होतास.

मी तुझ्या कानाचं त्यांना काही बोलले नाही. ते तू बोल.

कल्पिता,
बेस, गावदेवी बेंजो पार्टी

•

घोडबंदर रोड
१४ डिसेंबर २०२५

चि. कल्पिता,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग गच्चीवर जाऊन एकटाच रडलो, मग हसलो. कबुतरं उडून गेली.

मंगळवारी तू दुकानात असताना मी भोपरला येऊन गेलो. गोविंदाला सांगितलं, मला ऐकू येत नाय. तो म्हणाला (लिहून दिलंन), "मेल्या, मग मी चार वर्षं कुणाला घाबरत होतो?" दोघे म्हातारे त्याच्या ओटीवर बसून वेड्यासारखे हसलो. गोदावहिनीला नवं पातेलं दिलं. तिने जुन्यात भरून सुकट दिली.

ड्रॉवरमधलं मशीन काढलं. सेल मेलेला, नळीत मळ. फिटरला शोभत नाय. नळी साफ केली, सेल बदलला, मशीनवाल्या बाईंकडे जाऊन आवाज जुळवून घेतला. त्या म्हणाल्या, एकदम नको, रोज थोडा वेळ लावा, डोक्याला सवय व्हायला वेळ लागतो. मी म्हटलं, माहीत आहे, पाव फेरा. प्राची आता कमी कावळ्यासारखी बोलते. तुझ्या लेन्सच्या फडक्याने ते रोज पुसतो, वरून आणि खालूनही.

मशीन लावून पहिलं काय ऐकलं सांगू? प्राचीच्या मोबाईलमध्ये ते होतंच. तीन मिनिटं चाळीस सेकंद, सगळं ऐकलं.

मधे जरा घाई आहेच. तिथे वहिनीने श्वास घ्यायला हवा होता. शेवट मात्र खरंच गोड. सुरमई तिनेच जिंकली.

आता तुझं गाणं पाठव.

धाकूकाका